नाइट ड्युटीत पहाटे दूध जास्त, दुपारी कमी - हे हार्मोनचं घड्याळ असतं का?

नाशिकची_सिस्टर

नमस्कार सगळ्यांना. मी स्टाफ नर्स आहे, आयसीयूत, बाळ सात महिन्यांचं झालंय आणि रजा संपवून परत जॉइन झालेय. ड्युटी रात्री आठ ते सकाळी आठ. बाळ वरचं खायला लागलंय, नाचणीचं सत्त्व, मऊ भात, वरणाचं पाणी वगैरे, पण बाकी अंगावरच आहे आणि मला ते वर्षभर तरी चालू ठेवायचंय.

तर झालंय असं की पहाटे तीन-चारच्या सुमारास पेशंट जरा शांत असले की मी चेंजिंग रूममध्ये पंप लावते आणि तेव्हा बाटली १२० मिलीच्या रेषेच्या वर जाते, आणि घरी येऊन झोपून उठून दुपारी पंप केलं तर पन्नास-साठवर अडकतं, कितीही वेळ बसा. पंप तोच, बाई तीच! नर्सिंगला दूध बनवणारं प्रोलॅक्टिन आणि पान्हा फोडणारं ऑक्सिटोसिन घोकून पाठ केलं होतं, पण ते दिवसाच्या कुठल्या वेळी किती असतं हे काही कोणी शिकवलं नाही. कुठेतरी वाचलं की प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. पण मग मी रात्री जागीच असते ना, झोपते सकाळी नऊनंतर. मग माझं शरीर कुठलं घड्याळ धरून चाललंय, भिंतीवरचं की माझ्या झोपेचं?

आणि दुसरं म्हणजे सासूबाई म्हणतात जागरणाचं दूध बाधतं, ते बाळाला देऊ नको. त्या मायेने म्हणतात, भांडण नाहीये, पण मला काहीतरी धड उत्तर द्यायचंय त्यांना. शिवाय एका मैत्रिणीने सांगितलं की रात्रीच्या दुधात झोपेचं हार्मोन असतं, ते दिवसा पाजलं तर बाळ दिवसभर पेंगतं. खरं काय आहे यात?

आळिव_लाडू

अगं पोरी, जागरणाने पित्त तुला होतं, दुधाला नाही होत. आमच्या वेळी सातारला बाळंतिणीच्या कुशीतच बाळ असायचं, रात्रभर कितीदा प्यायलं कोण मोजतंय, आणि ती सगळी पोरं ठणठणीत आहेत आज. आळिवाची खीर घे, शतावरी घे, बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी खा, पाणी भरपूर पी. आणि मुख्य म्हणजे घरी आल्यावर झोप. भांडी घासायला दुसरं कोणीतरी आहे ना घरात? नसेल तर पडू देत.

फिजिओलॉजीची_बाई

मी मेडिकल कॉलेजात फिजिओलॉजी शिकवते, त्यामुळे जरा लांबेल, सांभाळून घ्या.

सिस्टर, प्रश्न एकदम बरोबर विचारलायस, कारण उत्तर "दोन्ही" असं आहे आणि प्रत्येक हार्मोनचं वेगळं आहे.

मेंदूत एक मुख्य घड्याळ असतं, हायपोथॅलॅमसमध्ये, डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या बरोबर वर. डोळ्यात शिरणाऱ्या उजेडावर ते रोज लावलं जातं. पेशीच्या आत हे घड्याळ कसं चालतं ते फळमाशीवर शोधून काढल्याबद्दल तिघांना २०१७ चं नोबेल मिळालंय. मेलाटोनिन (तुझ्या मैत्रिणीचं झोपेचं हार्मोन ते हेच) आणि जागं करणारं कॉर्टिसॉल ही दोन हार्मोन्स या घड्याळाचं फार ऐकतात. मेलाटोनिन अंधार पडला की वाढतं, मध्यरात्रीनंतर शिखरावर जातं, उजेड दिसला की दबतं. कॉर्टिसॉल उलट, पहाटेपासून चढतं, उठायच्या सुमाराला सगळ्यात जास्त, मग दिवसभर उतरत जातं.

प्रोलॅक्टिनचं मात्र जरा वेगळं आहे. ते झोपेला चिकटलेलं हार्मोन आहे. झोप लागल्यावर तास-दीड तासात ते चढायला लागतं, झोपेच्या शेवटच्या भागात सगळ्यात वर असतं, जाग आली की भराभर खाली येतं. रात्री झोपणाऱ्या बाईत त्यामुळे पहाटे जास्त आणि दुपारी बाराच्या आसपास सगळ्यात कमी असं दिसतं, आणि म्हणून सगळीकडे "रात्री जास्त" असं छापलेलं असतं. पण माणसाला दिवसा झोपवलं की ते दिवसा वाढतं, हे १९७० च्या दशकातच दाखवून दिलंय. कॉर्टिसॉलला नव्या वेळापत्रकावर यायला बरेच दिवस लागतात, प्रोलॅक्टिन मात्र झोप जिथे जाईल तिथे लगेच जातं. मुख्य घड्याळाचाही थोडा हात असतो त्यात, म्हणजे नुसतं जागं राहिलं तरी रात्रीचा हलका चढ राहतो, पण मोठा वाटा झोपेचा. तेव्हा तुझं प्रोलॅक्टिन बहुतेक सकाळी नऊनंतर, तू पडदे ओढून झोपतेस तेव्हा चढत असणार.

हे झालं पायाभूत पातळीचं. त्याच्यावर प्रत्येक पाजण्याची लाट वेगळी येते. बाळ ओढायला लागलं की हायपोथॅलॅमसमधून त्याच्या खालच्या पिट्युटरी ग्रंथीवर (प्रोलॅक्टिन तिथूनच सुटतं) सतत पडणारं डोपामिन कमी होतं (डोपामिन हे प्रोलॅक्टिनला दाबून ठेवणारं), आणि अर्ध्या-पाऊण तासात प्रोलॅक्टिनची लाट शिखरावर जाते. पंपानेही होतं हे. रात्रीची लाट दिवसापेक्षा मोठी असते. आणि ऑक्सिटोसिन हा तिसराच प्राणी, त्याला घड्याळाचं फारसं पडलेलं नसतं, ते बाळाच्या रडण्यावर, वासावर, नुसत्या आठवणीवर ठोक्याठोक्यांनी सुटतं आणि पान्हा फोडतं. ताण आला, दुखलं, लाज वाटली की अडकतं.

आता गंमत बघ. तुझा पहाटेचा १२० आणि दुपारचा ५० हा फरक एवढ्यावरून प्रोलॅक्टिनच्या नावावर टाकता येत नाही! दूध आल्यानंतरच्या काळात रक्तातलं प्रोलॅक्टिन किती आणि दूध किती वेगाने बनतंय याचा सरळ हिशोब लागत नाही, हे मोजून पाहिलेलं आहे. प्रोलॅक्टिन हवंच, त्याशिवाय दूध नाही, पण पुरेसं असलं की पुढचा कारभार स्तनाच्या आत चालतो: भरलेलं असलं की बनणं मंदावतं, रिकामं झालं की वेग घेतं. म्हणून आधी सांग, पहाटेच्या पंपाआधी शेवटचं रिकामं कधी झालेलं असतं आणि दुपारच्या आधी कधी?

नाशिकची_सिस्टर

बाई, किती छान सांगितलंत. हा विचारच केला नव्हता. निघताना साडेसातला पाजते, मग थेट पहाटे तीन-साडेतीन, कारण मध्ये अॅडमिशन आलं तर पाणी प्यायलाही मिळत नाही. म्हणजे आठ तास. सकाळी घरी पोचले की बाळ झडप घालतं, मनसोक्त पितं. मग मी झोपते, आणि आमच्या ह्यांनी मध्ये एकदा अकरा-साडेअकराला बाळ आणून कुशीत दिलं तर अर्धवट झोपेतच पाजते. आणि एक-दीडला उठून पंप करते.

म्हणजे दुपारी आधीच तो पिऊन गेलेला असतो! हे माझ्या डोक्यातच नाही आलं, मी आपली पंपाची झडप बदलत बसले होते.

फिजिओलॉजीची_बाई

झालं तर मग. आठ तासांचं साठलेलं आणि दोन तासांचं साठलेलं यांची तुलना करतेयस तू. दोन तासांत पन्नास-साठ म्हणजे ताशी पंचवीस-तीस मिली, आणि आठ तासांत १२० म्हणजे ताशी पंधरा. वेग दुपारीच जास्त आहे बाईसाहेब! अर्थात पंप सगळं काढत नाही आणि बाळाने थोडं मागे ठेवलेलंही असेल, त्यामुळे हा हिशोब काही काट्याचा नाही, पण दिशा कळते. टाकी काठोकाठ भरली की वरचा बॉल कॉक पाणी बंद करतो तसं आठ तासांत शेवटचे काही तास बनणं जवळपास थांबत असेल. जमलं तर रात्री बाराच्या आसपास एक छोटा पंप घाल मध्ये, दहा मिनिटांचा का होईना.

सातवा_महिना

मला पण असंच कमी होत होतं तर एका ओळखीच्यांनी डॉम्पेरिडोन घ्यायला सांगितलं, उलटीवरची गोळी असते ती, मेडिकलवाल्याने सहज दिली. प्रोलॅक्टिन वाढतं म्हणे त्याने. मी तीन वेळा घेत होते, फरक पडला असं वाटलं. सिस्टर तू पण विचारून बघ ना. आणि प्रोलॅक्टिनची ब्लड टेस्ट करून घेतली तर कळेल ना कमी आहे की नाही?

फिजिओलॉजीची_बाई

मेडिकलवाल्याने दिली म्हणून घ्यायची गोळी नाही ही, कृपा करून. डॉम्पेरिडोन डोपामिनला अडवतं म्हणून प्रोलॅक्टिन वाढतं हे खरं, पण हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतं, आणि काही अँटिबायोटिक किंवा बुरशीवरच्या गोळ्यांबरोबर तर जास्तच. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण खात्याने, २००४ मध्येच दूध वाढवायला हे वापरू नका असा इशारा दिला होता. काही देशांत डॉक्टर निवडक बायकांना देतात, ईसीजी वगैरे बघून. आधी किती वेळा आणि किती तासांनी रिकामं होतंय ते बघायचं, गोळी हा फार पुढचा विषय. तुमच्या डॉक्टरांना सांगा की तुम्ही घेत होतात, लपवू नका.

टेस्टबद्दल: बाळंतपणाच्या सुमाराला प्रोलॅक्टिन रक्ताच्या एका मिलीत २०० नॅनोग्रॅमच्या आसपास असतं, एरवी बाईचं २५ च्या आत. मग महिन्यागणिक पायाभूत पातळी उतरत जाते आणि सातव्या महिन्यात ती बरीच खाली आलेली असते, तरी दूध व्यवस्थित चालू असतं. त्यात तुम्ही पाजून लगेच रक्त दिलं की एक आकडा, उपाशी दुपारी दिलं की दुसरा, झोपेतून उठून दिलं की तिसरा. कशाशी लावायचा तो आकडा? रिपोर्ट हातात आला की फक्त टेन्शन येतं, आणि टेन्शनने पान्हा अडकतो.

ठाण्याची_दूधताई

मी स्तनपान समुपदेशक आहे. वर बाईंनी जवळपास सगळं सांगितलंय, मी फक्त दुधाच्या आतलं सांगते.

ऑस्ट्रेलियात पर्थच्या युनिव्हर्सिटीत ७१ आयांचं चोवीस तासांचं दूध, प्रत्येक पाजण्याच्या आधी आणि नंतर बाळाचं वजन करून मोजलं होतं, २००६ मध्ये छापून आलंय. एक ते सहा महिन्यांची बाळं, पूर्ण अंगावर. दिवसाला कमीत कमी ४७८ ग्रॅमपासून जास्तीत जास्त १३५६ ग्रॅमपर्यंत, आणि सगळी बाळं नीट वाढत होती! सरासरी ७८८ ग्रॅम. बहुतेक बाळं रात्री पण पीत होती आणि त्या रात्रीच्या पाजण्याचा दिवसाच्या एकूण दुधात चांगला मोठा वाटा होता. फॅट मात्र रात्री आणि सकाळी कमी, दिवसा आणि संध्याकाळी जास्त. कारण स्तन जेवढा रिकामा तेवढं दूध दाट. म्हणजे तुझं दुपारचं साठ मिली हे पहाटेच्या साठ मिलीपेक्षा जास्त सायीचं असण्याची शक्यता आहे, बाटल्या फ्रिजमध्ये शेजारी ठेवून वर येणारी साय बघ, डोळ्यांना दिसते. माझ्याकडे येणाऱ्या बायका संध्याकाळी स्तन मऊ लागतो म्हणून "दूध आटलं" असं रडत येतात, आणि बाळ नेमकं तेव्हाच किरकिर करून दर अर्ध्या तासाने मागतं, की लगेच घरात वरचं दूध सुरू करायची चर्चा. अहो ते आटलेलं नसतं, थोडं आणि दाट येत असतं, आणि बाळ मागून मागून ते वाढवत असतं.

मेलाटोनिनचं मैत्रिणीने सांगितलं ते खरं आहे. आईच्या रक्तातलं दुधात उतरतं, रात्रीच्या दुधात भरपूर आणि दिवसाच्या दुधात जवळजवळ नाहीच. पावडरच्या दुधात हा चढउतार नसतो. नवजात बाळाला स्वतःच्या मेलाटोनिनची लय नसते, ती दोन-तीन महिन्यांनी बसायला लागते, तोपर्यंत आईच्या दुधातून त्याला "आता रात्र आहे" असा निरोप मिळत असावा असं मानतात. सकाळच्या दुधात कॉर्टिसॉल जास्त, तो उलट निरोप. पण सिस्टर, तुझं बाळ सात महिन्यांचं, त्याचं स्वतःचं घड्याळ चालू झालेलं आहे. आणि तू ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात उभी असतेस, त्यामुळे तुझ्या पहाटेच्या दुधात मेलाटोनिन घरी अंधारात झोपलेल्या बाईपेक्षा कमीच असणार. तेव्हा पहाटेचं दूध दिवसा दिलं तर पेंगेल बिंगेल अशी काळजी नको. बाटलीवर तारखेसोबत वेळ लिहायची सवय असली तर रात्रीचं संध्याकाळी किंवा रात्री दे, जमलं तर. नाही जमलं तर सरळ दे. ओतून फक्त टाकू नको, एवढं हात जोडून सांगते.

सासूबाईंना सांग की दूध बाधत नाही, आणि दूधपेढीत तर पाच-सहा आयांचं, रात्रीचं दिवसाचं सगळं एकत्र करून साडेबासष्ट अंशावर अर्धा तास तापवून अगदी नाजूक, कमी दिवसांच्या बाळांना देतात. मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये १९८९ पासून चालू आहे ते, आशियातली पहिली दूधपेढी. त्या बाळांना बाधत नाही तर आपल्या गुटगुटीत नातवाला काय बाधतंय!

बाबा_ऑन_ड्युटी

मी पुरुष आहे, इथे लिहिलं तर चालेल ना. बायको आयटीत, अमेरिकेच्या टायमिंगची शिफ्ट घरूनच करते, बाळ पाच महिन्यांचं. रात्री दोनला पाजायला उठली की ती मोबाइल उघडते आणि मग चारपर्यंत झोपच नाही. ताई तुम्ही उजेडाचं लिहिलंत म्हणून विचारतो, खोलीत छोटा लाल किंवा पिवळा झिरोचा बल्ब लावला तर फायदा होतो का? आणि रात्रीचं एक पाजणं मी बाटलीने केलं तर तिचं दूध कमी होईल का?

ठाण्याची_दूधताई

चालेल काय, धावेल. मंद पिवळा किंवा लाल बल्ब लावा, मेलाटोनिन सगळ्यात जास्त दाबतो तो निळसर पांढरा उजेड, मोबाइल आणि ट्यूबलाइटचा. डायपर बदलताना मोठा दिवा लावू नका, ओला असेल तरच बदला. बाटलीचं म्हणाल तर ती सलग चार-पाच तास झोपली तर बहुतेकींचं काही बिघडत नाही, पण पहिल्या काही आठवड्यांत मी हे सांगत नाही, आणि ज्यांची साठवण्याची जागा कमी असते त्यांना गाठी येतात, दूधही उतरतं. स्तन दगडासारखा झाला तर तिने थोडं काढून टाकावं, दुखेल तोवर थांबायचं नाही. तुम्ही बाटली देण्यापेक्षा बाळ उचलून तिच्या कुशीत द्या, पाजून झालं की ढेकर काढा आणि झोपवा, तिला मोबाइलला हात लावायला वेळच नको.

गोव्याची_मावशी

एक कोणी बोललं नाही म्हणून लिहितेय. सिस्टर, तुझी पाळी आली नसेल तर निर्धास्त राहू नकोस हां. अंगावर पाजल्याने दिवस राहत नाहीत हा नियम तीनच अटींवर चालतो, बाळ सहा महिन्यांच्या आतलं, फक्त अंगावरचं दूध, आणि पाळी अजून न आलेली. त्यातसुद्धा दिवसा चार तास आणि रात्री सहा तासांच्या वर खंड नको. १९८८ मध्ये इटलीत बेलाजिओला तज्ज्ञ बसले आणि म्हणाले या अटी पाळल्या तर ९८ टक्के खात्री. तुझं बाळ सातव्यात, वर नाचणी खातंय आणि रात्रीचा खंड आठ तासांचा. माझा धाकटा असाच "अजून पाळीच नाही" म्हणत म्हणत आलाय, गोड आहे, पण तरी.

नाशिकची_सिस्टर

मावशी 😂 कॉपर टी आहे, काळजी नसावी.

सगळ्यांचे खूप आभार. काल बारा वाजता सिनिअरला सांगून दहा मिनिटं काढली. आधी काहीच येईना, बाहेर व्हेंटिलेटरचा अलार्म वाजत होता आणि माझं सगळं लक्ष तिकडे, मग कानात इअरफोन घालून बाळाचा हसण्याचा व्हिडिओ लावला तर अर्ध्या मिनिटात दोन्हीकडून सुटलं. उलट खालच्या मजल्यावर प्रसूती वॉर्ड आहे, तिथून जाताना कुणाचं बाळ रडलं की माझा युनिफॉर्म भिजतो, म्हणून लॉकरला एक जादाचा ठेवलाय.

ठेवण्याचं विचारायचं होतं. आयसीयूच्या फ्रिजमध्ये औषधं असतात, तिथे ठेवणं बरोबर नाही आणि मला परवानगी पण नाही. पँट्रीचा फ्रिज सारखा उघडतात. आणि सकाळी आल्यावर आधी झोपावं की आधी पाजावं, प्रोलॅक्टिन झोपेत चढतं म्हणताय तर?

ठाण्याची_दूधताई

बर्फाच्या विटा टाकलेली कूलर बॅग घे, त्यात चोवीस तास राहतं. खोलीत नुसतं ठेवलं तर पंचवीस अंशापर्यंत चार तास, आणि नाशिकच्या एप्रिलमध्ये त्या चार तासांवर अजिबात विसंबू नको. घरी फ्रिजमध्ये चार दिवस, दाराच्या कप्प्यात नाही, आत मागच्या बाजूला. पँट्रीत ठेवलंस तर पिशवीवर नाव मोठं लिही, एका बाईंचं कोणीतरी चहात ओतलं होतं, खोटं नाही सांगत.

आणि आधी पाज. साडेतीननंतर चार-पाच तास झालेले असतात, भरलेली असतेस, बाळही वाट बघत असतं. मग खोली अंधारी करून झोप, अकराला जसं कुशीत आणून देतात तसं चालू ठेव, ते तर झोपेतलं पाजणं आहे, वर चढलेल्या प्रोलॅक्टिनवर आणखी एक लाट. फक्त पिऊन झालं की ह्यांना बाळ उचलून न्यायला सांग, बारा तासांच्या ड्युटीनंतर तुझी झोप गाढ असते, बाळ शेजारी एकटं नको. एक-दीडचा पंप काढूनच टाक, त्या वेळात झोप अजून.

आळिव_लाडू

आणि उठल्यावर खीर.